बुरशी समजून पुसलेली सही

येळ्ळूर, ६ जानेवारी २०२५

विनोदिनीबाईंना आण्णाप्पा हलगेकरचा नमस्कार.

बाई, आपली ओळख न्हाय, पण माझं नाव तुम्ही वाचलेलं दिसतंय. माझ्याविरुद्ध तक्रार तुम्हीच केलीय. फेसबुककडनं निरोप आला, त्यात तुमचं नाव अन् 'सदलगेकर फोटो स्टुडिओ, निपाणी' एवढंच होतं. पोस्टमनला तेवढं पुरेल असं धरून हे पत्र टाकतोय. फोन नंबर मिळवला असता, पण माझा आवाज मोठा. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत तीस वर्षं मोल्डर होतो, ओतकामाचे साचे करायचो, भट्टीशेजारी ओरडून बोलायची सवय. मी साधं 'हॅलो' म्हणलं तरी समोरच्याला भांडण काढतोय वाटतं. म्हणून कागद बरा.

शिक्षण माझं सातवी. फोन मात्र माझा मी शिकलो. सहा वर्षांमागं 'येळ्ळूरचं शिवार' नावाचा ग्रुप काढला, आज त्यात अकरा हजार माणसं हाईत. आम्ही जुने फोटो लावतो. मळण्या, बैलगाड्या, कुस्त्यांची मैदानं, तुमच्याकडच्या तंबाखूच्या वखारी. दुबईत बसलेला माणूस आपल्या आज्याचा फेटा ओळखतो अन् मला लिहितो, 'अण्णा, आज जेवण गेलं न्हाय.' असला हा ग्रुप. तुमच्या तक्रारीनं दोन फोटो उतरले. आणखी एक तक्रार आली तर ग्रुपच बंद, असं कळवलंय.

आता तुम्हीच सांगा, माझं चुकलं कुठं? मी यातनं काही मिळवत न्हाय. प्रत्येक फोटोखाली 'साभार, नेटवरून' असं न विसरता लिहितो. शेजारनं तांब्या आणला तर 'आणलाय गं' म्हणून सांगतो, तसंच की हे. शिवाय माणसं आमची, बैल आमचे, शिवार आमचं.

तुम्ही उतरवलेल्यात एक खळ्यावर सूप घेऊन उभ्या असलेल्या बाईचा फोटो हाय. तेवढा तरी परत लावू द्या. त्याच्याबिगर चैन पडंना.

संक्रांत आलीय. पाकिटात थोडा तिळगूळ घातलाय. घ्या, अन् तक्रार मागं घ्या.

आपला,
आण्णाप्पा हलगेकर


निपाणी, १४ जानेवारी २०२५

श्री. आण्णाप्पा हलगेकर यांस,

पत्र पोचलं. पोस्टाच्या शिक्क्याखाली तिळगुळाचा चुरा झाला होता. खाल्ला. तक्रार मागे घेणार नाही.

'साभार' म्हणजे आभार, परवानगी नव्हे. तांब्याचंच बोलायचं तर तुम्ही 'नेऊ का?' असं विचारलेलं नाही. 'आणलाय' म्हणून सांगितलंत, आणि तेही भलत्याच घरात. नेट नावाचा कुणी माणूस नाही. प्रत्येक फोटो कुणीतरी उन्हात उभं राहून काढलेला असतो. त्यावर त्याचा हक्क असतो आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. फोटो प्रसिद्ध झाल्यावर पुढे साठ वर्षं तो टिकतो. तुम्ही पैसे मिळवत नाही म्हणून तो उडून जात नाही, आणि फोटोतला बैल तुमचा म्हणून फोटो तुमचा होत नाही.

तुमच्या ग्रुपमध्ये माझ्या वडिलांचे एकोणीस फोटो आहेत. मोजलेत. माझे वडील गोपाळ सदलगेकर प्रत्येक प्रिंटच्या उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईनं बारीक सही करत. बोरूसारखी निब होती त्यांची, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. तुमच्या एकोणीसच्या एकोणीस फोटोंत तो कोपरा स्वच्छ आहे.

शेवटच्या आजारात कुणीतरी त्यांना भेटायला आलं आणि एक कॅलेंडर देऊन गेलं. त्यात वखारीतल्या बायकांचा फोटो होता. त्यांचाच, पण सही कापलेली. बाबांनी भिंग मागितलं आणि बराच वेळ तो कोपरा पाहत बसले. तेव्हापासून मी त्यांचे फोटो शोधते आहे. मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांनासुद्धा पहिल्या दिवशी सांगते, दुसऱ्याच्या चित्रावरचं नाव खोडायचं नाही.

सूप घेतलेली बाई तर विसराच. ती कोण, हे मला बाबांनी कधी सांगितलं नाही, पण त्यांचा सगळ्यांत आवडता फोटो तोच. स्टुडिओच्या काउंटरवर अजून लावलेला आहे. तो मी कुणालाही देणार नाही.

उरलेले सतरा महिनाअखेरपर्यंत उतरवा. नाहीतर पुढच्या तक्रारी मी करीन आणि ग्रुपचं काय व्हायचं ते होईल. आणि एवढं कळवा, कोपरे कुणी साफ केले?

विनोदिनी सदलगेकर


येळ्ळूर, १९ जानेवारी २०२५

विनोदिनीबाई,

मी केले.

हे लिहायला मला चार दिवस लागले. बाई, मला वाटलं ती बुरशी हाय.

सांगतो कसं ते. मला मिळालेला पहिला फोटो तो सुपाचा. जांबोटीच्या एका घरात भिंतीवर पस्तीस वर्षं टांगलेला. तिथला पाऊस तुम्हाला ठाऊक हाय, भिंतीवर हात ठेवला तर हात ओला होतो. काचंच्या आत चहूबाजूनं बुरशी चढलेली, उजव्या कोपऱ्यात पांढरा ठिपका जरा जास्त. फोनमध्ये डाग काढायची सोय असते, बोटानं घासत बसायचं. मी चष्मा लावून तीन दिवस घासला. मग लोकांनी धाडलेल्या फोटोंतबी त्याच कोपऱ्यात पांढरं दिसाय लागलं. फोटोचा फोटो, त्याचा परत फोटो, अक्षर कुठलं कळणार? म्हणलं, या कोपऱ्यालाच बुरशी धरते. एकोणीस वेळा घासलं. लोक म्हणायचे, अण्णा, तुमचा हात साफ हाय. मला मोठेपणा वाटायचा.

फाउंड्रीत आमच्या कास्टिंगवर मोल्डरचा नंबर उठायचा. माझा सदतीस. माल कुठंबी जाऊ दे, सदतीस दिसला की तो आण्णाप्पानं काढलेला. कुणी तो नंबर ग्राइंडरनं घासला असता तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. अन् मी तेच केलं, तेबी मायेनं. तुमचे वडील भिंग धरून बसले ते वाचलं अन् कागद उलटा ठेवून परड्यात जाऊन आलो.

सतरा फोटो काल उतरवले. तुमच्या तक्रारीची वाट बघितली न्हाय. ग्रुपात लिहिलं की हे निपाणीच्या गोपाळराव सदलगेकरांचे फोटो, न विचारता लावले, सही मी पुसली, चूक माझी.

आता सुपाच्या फोटोचं. ती कोण हे तुम्हाला ठाऊक न्हाय म्हणता. ती आमची रुक्मा. माझी मंडळी. जाऊन तीन वर्षं झाली.

त्र्याऐंशी सालचा मार्गशीर्ष. तिची आई जांबोटीला आजारी. गाडी कधीतरी, न्हायतर रानातनं चालायचं, अन् म्हातारीला उठवत न्हवतं. सारखी म्हणायची, लेकीचं तोंड दाखवा. इथं सुगी टाकून रुक्माला जाता येईना. तेवढ्यात गावात एका लग्नाला निपाणीचे फोटोवाले आलते. मी त्यांना वाटेत अडवलं. म्हणलं, पाहुणं, आमच्या खळ्यावर चला, एक फोटो काढून द्या. ते आले. रुक्मा म्हणाली, 'थांबा, लुगडं बदलून येते.' ते म्हणाले, 'वहिनी, हाय तसंच ऱ्हाऊ दे. आईला हाय तशीच लेक बघायची असते.' अन् ती हसली. ते हसणं तुम्ही काउंटरवर रोज बघताय. म्हातारीनं तो फोटो उशाशी ठेवून डोळे मिटले.

तिचा तरुणपणचा दुसरा फोटो न्हाय. तरीबी फोटोतला बैल माझा म्हणून फोटो माझा होत न्हाय, हे तुम्ही शिकवलंय. तवा आता तांब्या नेताना विचारायचं तसं विचारतो. बाई, हा एक फोटो लावू का? न्हाय म्हणला तरी राग न्हाय.

आण्णाप्पा


निपाणी, ४ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

तुम्हाला 'अण्णा' लिहिते आहे, चालेल ना?

उत्तराला उशीर झाला. त्याचं कारण सांगते, कारण ते लपवलं तर मला मुलांसमोर उभं राहता येणार नाही.

तुम्ही साल आणि महिना लिहिलात, म्हणून मी माळ्यावरची त्र्याऐंशीची पेटी काढली. बाबा प्रत्येक निगेटिव्ह वेगळ्या पाकिटात ठेवत आणि पाकिटावर दोन ओळी लिहीत. तुमचं पाकीट सापडलं. त्यावर त्यांच्या अक्षरात आहे: 'येळ्ळूर. आण्णाप्पा हलगेकर यांच्या सांगण्यावरून. त्यांची मंडळी, खळ्यावर. तांदूळ दोन पायली पोचले.'

तांदळाचं तुम्ही मला लिहिलं नव्हतंत.

माझी एक विद्यार्थिनी, चिन्मयी, बेळगावात वकिली करते. तक्रारी कशा करायच्या ते तिनंच मला शिकवलं होतं. तिला हे पाकीट वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मॅडम, आता मी बोलेन ते तुम्हाला आवडणार नाही.'

आपल्या कायद्यात असं आहे की कुणी मोबदला देऊन, स्वतः सांगून आपल्यासाठी फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा. मोबदला पैशाचाच हवा असंही नाही. अण्णा, सुपाचा फोटो बाबांनी स्वतःच्या हौसेनं काढला असं मी जन्मभर समजत होते. तो तुम्ही काढून घेतलात. तो तुमचा आहे, पहिल्या दिवसापासून. तुमच्याच फोटोसाठी मी तुम्हाला चोर ठरवलं.

दोन दिवस ते पाकीट कपाटात ठेवलं. कुणाला कळणार होतं? तिसऱ्या दिवशी काउंटरवर बसले आणि वर बघितलं. रुक्मावहिनी हसत होत्या. त्या फोटोवरची तक्रार त्याच दुपारी मागे घेतली. लवकरच तो परत दिसेल.

फक्त एक. मालकी तुमची असली तरी 'हा मी काढला' असं म्हणण्याचा हक्क काढणाऱ्याचाच राहतो, तो कुणाला विकता येत नाही की पुसता येत नाही. तेवढा कोपरा बाबांचा. सही असलेली स्वच्छ प्रत सोबत पाठवते. हीच लावा.

विनोदिनी


येळ्ळूर, ८ फेब्रुवारी २०२५

विनूताई,

अण्णा म्हणलीस, आता 'बाई' अन् 'तुम्ही' माझ्या हातनं लिहवत न्हाय.

पत्र तीनदा वाचलं, मग देवघरापाशी रुक्माच्या कुंकवाच्या करंड्याजवळ ठेवलं. तांदळाचं व्हय, दिलते. तुझे वडील म्हणाले, 'पैसे राहू देत, तुमच्या येळ्ळूरच्या बासमतीचा वास लई ऐकलाय.' रुक्मानंच पाखडून भरून दिले. मला ते देणंघेणं वाटलं न्हाय, म्हणून लिहिलं न्हाय. अन् फाउंड्रीवाल्याला तुझा कायदा लगेच समजला. गिऱ्हाइकानं सांगून बनवून घेतलेला पॅटर्न गिऱ्हाइकाचाच असतो, नंबर मात्र कारागिराचा.

तू पाकीट लपवलं न्हाईस, तवा मीबी आता काही लपवत न्हाय. दिवाळीत ग्रुपातल्या भावकूनं मला एका तांदळाच्या पोत्याचा फोटो धाडला. पोत्यावर रुक्मा. हातात सूप, तेच हसणं, अन् खाली मोठ्या अक्षरात 'मालनबाई स्पेशल बासमती'. बाईचं नावबी बदललं गं! संकेश्वरच्या रस्त्याला एक गिरणी हाय, तिचं पोतं. मी एकटाच गेलतो. मालक मारुतीराव म्हणाला, 'नेटवर पडला होता फोटो. नाव न्हाय, गाव न्हाय. तुमचा कशावरून?' जांबोटीचा फोटो काचंला चिकटून फाटलाय, अन् सही... ती कुणी पुसली हे आता तुला ठाऊक हाय. तवा ग्रुपावरचा फोटो मला हवा होता तो यासाठीच. आधी मी तिच्याखालीबी सवयीनं 'नेटवरून'च लिहिलं, नाव घातलंच न्हाय; आता निदान एका ठिकाणी तरी ती रुक्मा म्हणून असावी.

एक पोतं विकत आणून भात शिजवला. वासाचं नाव न्हाय. रुक्मानं असला तांदूळ कोंबड्यांना टाकला असता, अन् तिच्या तोंडाकडं बघून लोक ते पोतं घेतात. तेच सलतंय.

ते पाकीट चार दिवस मला देशील?

अण्णा


निपाणी, १३ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

चार दिवस? पाकीट, निगेटिव्ह आणि काउंटरवरची फ्रेम उतरवून, तिन्ही आज चिन्मयीच्या हाती दिली. नोटीस तिनं लिहिली आहे. फोटोच्या मालकीसाठी तुमचं नाव, सहीसाठी माझं. मला परीक्षेच्या ड्युटीमुळे येता येणार नाही, पण ती तुमच्याबरोबर येईल.

जाताना पांढरा सदरा घाला. आणि आवाज मोठाच ठेवा.

विनू


येळ्ळूर, १० मार्च २०२५

विनूताई,

जिंकलो गं!

सगळं सांगतो, दमानं वाच. नोटीस पोचल्यावर मारुतीरावनं स्वतःच बोलावून घेतलं. मी अन् चिन्मयी गेलो. एवढीशी पोरगी, पण खुर्चीवर बसली तर खुर्चीच घाबरली असंल. मालकानं चहा मागवला अन् तेच तुणतुणं सुरू केलं.

'अण्णा, नाव नसलेला फोटो म्हणजे सगळ्यांचाच की.'

मी म्हणलं, 'मालक, तुमच्या फाटकात म्हैस उभी हाय, गळ्यात दावं न्हाय. धार काढून घेशीला व्हय?'

'म्हशीला मालक असतोच की हो.'

'मग बाईला नवरा अन् फोटोला फोटोवाला नसतो?'

बाहेर हमाल हसले. मालक जरा ताठला. चिन्मयीनं विचारलं, 'मालनबाई कोण?' म्हणाला, 'डिझायनरनं टाकलंय नाव, बरं वाटतंय म्हणून.' तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. तुझ्या वडलांच्या दोन ओळी वाचायला लावल्या, मोठ्यानं. 'तांदूळ दोन पायली पोचले' इथं आल्यावर त्याचा आवाज बसला. तांदळाचा व्यापारी तो, त्याला त्यातलं वजन कळलं. मग तिनं निगेटिव्ह खिडकीशी धरली. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, पण सूप तेच, हसणं तेच. शेवटी फ्रेम. कोपऱ्यातली सही बघून म्हणाला, 'आमच्या फोटोत हे न्हवतं.'

मी म्हणलं, 'न्हवतं, कारण ते मी पुसलं.' चिन्मयीनं टेबलाखालनं माझ्या पायावर पाय दिला, पण मी थांबलो न्हाय. 'मी अडाणी, बुरशी समजून पुसलं. चूक कळल्यावर अकरा हजार लोकांत कबूल केलं. तुमची पाळी हाय.'

त्यानं फ्रेम माझ्याकडं सरकवली अन् कानडीत म्हणाला, 'आयतु', म्हणजे बरं. 'चुकलं आमचं.' माल दुकानांतनं परत बोलवायचा, पोती नष्ट करायची, अन् आमच्या ग्रुपात स्वतःच्या नावानं माफी लिहायची, हे लेखी दिलं. निघताना हळूच म्हणतो, 'फोटो ऱ्हाऊ दे की अण्णा, तुम्ही म्हणाल ते देतो. आता विचारतोय न्हवं?' विचारलं ते बरं केलंत म्हणलं, पण तुमचा तांदूळ मी शिजवून बघितलाय, रुक्मा त्याच्यापुढं उभी ऱ्हाणार न्हाय. त्यावर हमाल पुन्हा हसले, अन् खरं सांगू, मालकबी हसला.

काल रुक्माचा फोटो ग्रुपावर लावला, सहीसकट. खाली लिहिलं: 'रुक्माबाई हलगेकर, येळ्ळूर, १९८३. फोटो गोपाळ सदलगेकर, निपाणी.' 'साभार, नेटवरून' हे शब्द या बोटांनी परत लिहायचे न्हाईत. संध्याकाळपर्यंत चार हजार माणसांनी बघितला. जांबोटीच्या एका म्हातारीनं नातीकडनं लिहवून घेतलं, 'ही आमची रुक्मी, आम्ही एका झऱ्यावर पाणी भरलं.'

ग्रुपाला आता नियम केलाय. फोटो कुणी काढला अन् कुणाला विचारलं, हे लिहिल्याबिगर लावायचा न्हाय. भावकू वैतागला, 'अण्णा, शुभ सकाळच्या गुलाबालाबी परवानगी?' म्हणलं, 'व्हय. न्हायतर परड्यातला काढ.' विनू, गंमत बघ. तवापासनं लोक सकाळी परड्यात जाऊन खरी फुलं काढाय लागलेत. जास्वंद, अबोली, दोडक्याचं पिवळं फूल, खाली ज्याचं त्याचं नाव. दुबईवाल्यानं बाल्कनीतल्या डब्यात लावलेल्या मिरचीचं फूल धाडलंय. इतका देखणा ग्रुप कधीच न्हवता.

आता शेवटचं. तुझ्या वडलांचे उरलेले अठरा फोटो. ते माझ्या सांगण्यावरून काढलेले न्हाईत, ते तुझेच. दारात उभा राहून विचारतो, तांब्या नेऊ का? एसटीनं एक पिशवी धाडतोय. यंदाची बासमती, हातानं पाखडलेली. रुक्माएवढी साफ न्हाय जमली, एखादा खडा लागला तर तिला सांगू नकोस.

तुझा,
अण्णा


निपाणी, १७ मार्च २०२५

अण्णा,

न्या. अठराही न्या, सहीसकट, 'येळ्ळूरचं शिवार' या ग्रुपासाठी. मालकी माझीच, बरं का! सगळ्यांच्या चांगल्या प्रती सोबत आहेत.

फ्रेम पुन्हा काउंटरवर लावली. या वेळी खाली रुक्मावहिनींचं नाव लिहिलं. बाबांची निब अजून चालते.

माझ्याकडे ठेवलेल्या प्रतींसाठी नवं पाकीट केलं, ते त्र्याऐंशीच्या पाकिटाला टेकवून पेटीत ठेवलं. त्यावर काय लिहायचं याचा विचार करावा लागला नाही:

'येळ्ळूर. आण्णाप्पा हलगेकर यांच्या विचारण्यावरून. तांदूळ दोन पायली पोचले.'

भात चुलीवर आहे. वास स्टुडिओत आलाय. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून विचारून गेली, आज काय आहे?

विनू